अठ्ठाविसाव्या दिवशी लावलेली बिअर

मी एक जुनी बादली आहे. आंघोळीची नव्हे आणि फरशी पुसायचीही नव्हे. उंच, पांढरी, जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची आणि पोटाला खाली एक छोटा नळ असलेली. माझ्यात बिअर तयार व्हायची. सध्या माझ्यात मीठ आहे. जेवणातलं नव्हे, दारासमोरचा बर्फ वितळवायला टाकायचं खडेमीठ. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात एका गॅरेजच्या कोपऱ्यात मी उभी असते. बर्फ पडला की कोणीतरी येऊन डबाभर मीठ घेऊन जातं, बाकी माझी चौकशी कोणी करत नाही.

मित्रांनो, तुमच्यात कोणी लहान असेल तर आधीच सांगून ठेवते, की बिअर हे मोठ्यांचं पेय आहे, आणि मोठे झालात तरी ते प्यायलाच हवं असं काही नाही. प्यायल्याने कोणाचं फार भलं झालेलं मी तरी पाहिलं नाही. पण आंबवणं तुम्हाला परकं नाही. तुमच्या घरी दह्याला विरजण लावतात, इडलीचं पीठ रात्रभर फुगतं. बिअर त्याच घराण्यातली. फक्त तिला जास्त दिवस लागतात आणि तिच्या सवयी वेगळ्या असतात. त्या सवयी ठाऊक नसल्या की काय होतं, तेच मला सांगायचं आहे.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. गरम प्लास्टिक साच्यात ओतलं, थंड केलं, अंगावर मापाच्या रेघा उमटवल्या आणि झाले मी तयार. मला विकत घेतलं ते वॉल्टर नावाच्या सुताराने. त्याच्या तळघरात मी पंचवीस वर्षं काढली.

वॉल्टरची पहिली बिअर मला आठवते. गढूळ होती, तळाशी बोटभर गाळ होता आणि वास भिजलेल्या पुठ्ठ्याचा येत होता. त्याची बायको हेलन अख्खा ग्लास प्यायली आणि म्हणाली, "वॉल्टर, भयंकर झाली आहे. पुन्हा कर." वॉल्टर दोन दिवस घुश्शात होता. तिसऱ्या दिवशी त्याने पुन्हा केली. ती थोडी बरी झाली, आणि हेलनने तेही तसंच तोंडावर सांगितलं. पाचव्या-सहाव्या खेपेला शेजारी मागून न्यायला लागले. ती पंचवीस वर्षं चांगली गेली. माझं आतलं अंग त्याने कधी मऊ फडक्याशिवाय कशाने पुसलं नाही.

मग हेलन गेली. वॉल्टरला डॉक्टरांनी बिअर बंद केली. एका ऑक्टोबरात त्याने घरातलं सगळं सामान अंगणात मांडलं, आणि मी एका मोडक्या खुर्चीच्या शेजारी दिवसभर उन्हात बसले. सगळे जण माझ्यात हात घालून बघायचे आणि पुढे जायचे.

संध्याकाळी दोन मित्र आले. एक विवेक, नागपूरचा, उंच आणि बोलका. दुसरा सत्यजित, नाशिकचा, जरा भिडस्त. दोघे इथेच जवळ वूस्टरला शिकायला आले होते तेव्हापासूनचे मित्र. विवेक एका औषधाच्या कंपनीत होता. तिथे तो माणसाहून उंच स्टीलच्या टाक्यांमध्ये जिवाणू वाढवायचा. मला पाहून त्याचे डोळे चमकले.

"अबे सत्या, हा बघ माझा फर्मेंटर. ऑफिसात दोन हजार लिटरचा आहे, हा त्याचा बाळ."

"तू ठेवणार कुठे? तुझ्या अपार्टमेंटमध्ये सायकल उभी करायला जागा नाही."

"तुझं बेसमेंट रिकामंच आहे ना यार."

वॉल्टरने मला फुकट दिलं. विवेकने विचारलं, की पहिल्या वेळी बिअर कितपत चांगली होते? वॉल्टरने जरा विचार केला. "पहिल्या वेळी चांगली होत नाही," तो म्हणाला. "पण बिअर होते. भांडी स्वच्छ ठेवलीस, फार गरम होऊ दिली नाहीस आणि झाकण उघडून डोकावत बसला नाहीस, तर ती तुला पिता येईल. यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नकोस." इतकं खरं उत्तर दुसऱ्या कोणी दिलेलं मी ऐकलेलं नाही.

सत्यजितच्या तळघरात मी कपडे धुण्याच्या मशीनजवळ पडून राहिले. "करू या रे एकदा निवांत," असं दोघे म्हणायचे. निवांतपणा काही आला नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात विवेकची नोकरी गेली. त्याच्या कंपनीने एका सकाळी चाळीस माणसं काढली.

मित्रांनो, इथे एक गोष्ट समजून घ्या. विवेकसारखी जी माणसं कामाच्या व्हिसावर या देशात राहतात, त्यांची नोकरी गेली की त्यांना साठ दिवस मिळतात. साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळाली तर राहायचं, नाहीतर बारा वर्षांचा संसार सूटकेसमध्ये भरून निघायचं. विवेकची बायको उपासना त्याच्याच व्हिसावर होती, म्हणजे तिचंही तेच. विवेकचे दिवस मोजणं सुरू झालं.

पहिले चार आठवडे तो इकडे फिरकलाही नाही. मग एका रविवारी दुपारी दोघे नवरा-बायको आले. विवेक वाळलेला दिसत होता.

"बिअर लावू या," तो म्हणाला. "शंभर ठिकाणी अप्लाय केलं. एकाचाही रिझल्ट कळत नाही. निदान एक काम असं करू, की ज्याचा रिझल्ट कळेल."

त्यांनी माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, दाट पाक मोठ्या पातेल्यात उकळला, त्यात हॉप्सची कडू फुलं टाकली, निववलं, माझ्यात ओतलं आणि वर यीस्ट भुरभुरलं. झाकणाच्या भोकात पाणी भरलेली छोटी नळी बसवली. आत बिअर आंबायला लागली की त्या नळीतून बुडबुडे येतात. विवेकने प्रयोगशाळेतल्या सवयीने माझ्या पोटावर कागदी चिकटपट्टी लावली आणि मार्करने तारीख लिहिली. तारखेच्या खाली लिहिलं, 'दिवस २८'. तो आकडा बिअरचा नव्हता.

"दोन आठवडे इथे, दोन आठवडे बाटलीत. छप्पन्नाव्या दिवशी पिऊ," तो म्हणाला. मग मार्करचं टोपण लावता लावता, सत्यजितकडे न बघता त्याने विचारलं, "तुझ्या मॅनेजरशी बोलशील का रे? नुसतं विचार."

"विचारलं ना, परवाच," सत्यजित म्हणाला. "सध्या काही ओपन नाही म्हणाले."

"ओके. विचारलंस, बस झालं यार."

तळघर गार होतं. दोन दिवस झाले तरी एक बुडबुडा आला नाही. नवशिक्यांचं असंच असतं, उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. यीस्ट थंडीत सावकाश जागं होतं, एवढंच. आणखी दोन दिवस कोणी लक्ष दिलं नसतं तर सगळं बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सत्यजित आणि त्याची आई कपडे धुवायला खाली आली. आईचं नाव नीलांबरी. विवेक आणि उपासना त्यांना काकू म्हणायचे. त्या नाशिकहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. सत्यजित मशीनमध्ये कपडे टाकत होता. तो एकदम म्हणाला, "आई, आमच्याकडे एक जागा निघालीय. विवेकच्याच कामाची."

"अरे वा! मग बोललास का साहेबांशी?"

"नाही."

"त्या दिवशी तर विचारलं म्हणालास."

सत्यजितने मशीनचं झाकण लावलं. "आमची टीम छोटी करतायत गं. उन्हाळ्यात परत कोणाला तरी काढतील. विवेक आला, तर तो माझ्यापेक्षा चांगला आहे हे त्यांना पंधरा दिवसांत कळेल. मग मला कशाला ठेवतील? माझं ग्रीन कार्डसुद्धा याच कंपनीवर अडलंय."

काकू म्हणाल्या, "मग त्याला हे असंच सांगून टाक."

"कसं सांगू? मी इथे नवा आलो तेव्हा तीन महिने त्याच्या गादीवर झोपलो. तो खाली कार्पेटवर झोपायचा."

"म्हणून तर सांगायला हवं," काकू म्हणाल्या. सत्यजित जिना चढून वर गेला.

काकू तिथेच उभ्या राहिल्या. मग माझ्यापाशी आल्या, झाकणावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "किती गार पडलीय बाई." त्या वर जाऊन नाशिकहून आणलेली गोधडी घेऊन आल्या. मला ओढत ओढत घर तापवणाऱ्या हीटरच्या भट्टीशेजारी नेलं, आणि गोधडी दोनदा गुंडाळून वरून नाडी बांधली. इडलीचं पीठ फुगावं म्हणून थंडीत त्या असंच करायच्या. मुलाच्या मित्राला देण्यासारखं त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. त्यांच्यावर मला आजही राग धरता येत नाही.

संध्याकाळपर्यंत माझ्या नळीतून असे बुडबुडे सुटले, की वरच्या मजल्यावर आवाज जावा. फोन गेला, विवेक धावत आला. त्याच दिवशी त्याला बॉस्टनच्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. "काकू, तुमच्या हाताला यश आहे!" तो म्हणाला. काकूंचा चेहरा उजळला.

पण विवेकने माझ्या अंगाला हात लावला आणि तो थबकला. त्याला कळत होतं, मित्रांनो. ज्या माणसाने दहा वर्षं अर्धा अंश तापमान वर गेलं तरी धावाधाव केली, त्याला ही ऊब फार झाली हे कळणार नाही असं होईल का? यीस्टला इतकी ऊब मिळाली की ते घाईत वाटेल ते करतं. बिअरला नेलपॉलिशसारखा उग्र वास येतो आणि ती घशाला चटका देते. विवेकने गोधडीच्या नाडीला हात घातला, काकूंकडे पाहिलं आणि नाडी होती तशी ठेवली. भीड भिकेची बहीण म्हणतात. त्या तळघरात त्या आठवड्यात ज्याला सांगायचं त्याला भीड सोडून एकाही माणसाने खरं सांगितलं नाही.

दोन आठवडे झाले. बाटल्या भरायचा दिवस आला. विवेकच्या तोवर तीन मुलाखती झाल्या होत्या आणि चौथी व्हायची होती. त्याने नळ उघडून चमचाभर बिअर चाखली आणि म्हणाला, "काकू, आता मात्र गार ठेवू या हं, उबेला नको." किती गोड शब्दांत बोलला! पण चूक झाली. बाटलीत थोडी साखर घालतात, तिचा फेस व्हायला आता खरी ऊब हवी असते. त्याच्या टाक्यांना बाटल्या नसायच्या, त्यामुळे एवढं एक त्याला ठाऊक नव्हतं. काकूंनी शहाण्या मुलीसारखं ऐकलं आणि पन्नास बाटल्या तळघराच्या सगळ्यात गार भिंतीशी नेऊन मांडल्या. नको तेव्हा ऊब दिली आणि हवी तेव्हा काढून घेतली. एकच बाटली घरंगळून भट्टीच्या मागे गेली, ती कोणाला दिसली नाही.

त्या संध्याकाळी काकूंनी मला धुवायला घेतलं. माझ्या आत फेसाची तपकिरी कड जमली होती. त्यांनी तारेची घासणी आणली, तीही नाशिकहून आणलेली, आणि बाह्या सरसावून मला चकचकीत घासलं. मला ओरखडे पडत होते. प्लास्टिकच्या ओरखड्यात जंतू बसतात, आणि मग कितीही धुतलं तरी ते निघत नाहीत. माझं खरं आयुष्य त्या अर्ध्या तासात संपलं. काकू दमून म्हणाल्या, "आता कशी छान दिसतेय!"

पन्नासाव्या दिवशी बॉस्टनच्या कंपनीने कळवलं की भरती तूर्त थांबवली आहे. सत्यजितच्या कंपनीतली जागा त्याच सुमाराला दुसऱ्या कोणीतरी भरली. उपासना घर रिकामं करू लागली. ती अर्धवट वापरलेल्या तांदळाच्या, डाळीच्या पिशव्या घेऊन आली. काकूंनी त्या माझ्यात ठेवल्या, म्हणून मी स्वयंपाकघरात होते, आणि म्हणून पुढचं मला पाहायला मिळालं.

छप्पन्नाव्या दिवशी दुपारी चौघे टेबलाशी बसले. विमान दोन दिवसांनी होतं. काकूंनी विवेकसाठी पाटवडीची भाजी केली होती. सत्यजितने बाटली उघडली. आवाज आलाच नाही. ग्लासात ओतली, तर फेस नाही. गढूळ, सपक, जरा गोडसर, आणि वर तो नेलपॉलिशचा वास.

विवेकने घोट घेतला नाही. आधी सत्यजितला दिला. "सांग. खरं सांग हं, कशी झालीय?"

माझ्या पोटात तेव्हा तूरडाळ होती, पण मी देवाचा धावा करत होते. बोल रे बाबा, हेलनसारखं एकदा बोल. या माणसाने तुला गादी दिली. बिअर वाईट झालीय म्हण, म्हणजे कदाचित दुसरंही तोंडातून बाहेर पडेल. सत्यजितच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं होतं, त्याची हनुवटी हलली. काकू त्याच्याकडे टक लावून बघत होत्या.

"मस्त झालीय," तो म्हणाला.

विवेकने स्वतः घोट घेतला. बराच वेळ तो ग्लासाकडे बघत राहिला. उपासना हळूच म्हणाली, "मला तर नाही आवडली." तेव्हा तो हसला. "बिअर झालीय," तो म्हणाला. "वॉल्टर बोलला होता, तेवढी झालीय." मग सगळ्यांनी भाजी फार छान झाल्याचं सांगितलं आणि जेवण संपलं. काकू जेवल्या नाहीत.

ते गेले. काकूही मार्चअखेर नाशिकला परतल्या. एप्रिलमध्ये सत्यजितच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने एकट्याने पुन्हा बिअर लावायची ठरवली. बाटल्या हव्या होत्या, म्हणून पहिल्या खेपेच्या उरलेल्या सगळ्या बाटल्या त्याने सिंकमध्ये ओतल्या. त्यांना अजून महिना दिला असता तर त्या सुधारल्या असत्या, पण माझं कोण ऐकतं? या वेळी त्याने सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. गोधडी नाही, घाई नाही. तरी बिअर आंबट झाली, नाकाला झोंबेल इतकी. दोष माझ्या ओरखड्यांचा होता. त्याने तीही ओतली आणि मला गॅरेजमध्ये आणून ठेवलं. मग थंडी आली आणि माझ्यात मीठ भरलं गेलं.

पण मधली जुलैची एक गोष्ट सांगायची राहिली. एका शनिवारी सकाळी सत्यजित मला तळघरात न्यायला आला होता. भट्टी दुरुस्त करायला माणूस यायचा होता, तिच्याखालचं पाणी धरायला बादली हवी होती. मागचा कचरा काढताना त्याच्या हाताला ती घरंगळलेली बाटली लागली. पाच महिने ती भट्टीच्या उबेला पडून होती. त्याने सहज टोपण उघडलं. फस्स आवाज झाला आणि फेस वर आला.

त्याने घोट घेतला. मग दुसरा घेतला. मी त्याचं तोंड पाहिलं, मित्रांनो, आणि मला कळलं. उग्रपणा उतरला होता. थोडी कडू, थोडी गोड, स्वच्छ बिअर झाली होती. वॉल्टरने नावं ठेवली नसती.

सत्यजित पायरीवर बसला आणि त्याने विवेकला फोन लावला. विवेक पुण्यात होता. तिथे संध्याकाळ झाली होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"अरे, आपली बिअर! एक बाटली राहिली होती, आत्ता उघडली. चांगली झालीय रे. खरंच चांगली झालीय."

पलीकडे कुकर बंद केल्याचा आवाज आला.

"मार्चमध्ये पण मस्तच म्हणाला होतास," विवेक म्हणाला. आवाजात राग नव्हता. "चल, छान. काकूंना सांग."

"विवेक, आता खरं सांगतोय."

"हो रे, मी कुठे नाही म्हटलं." तो म्हणाला. "एक काम कर. माझ्यासाठी एक ठेव. कधी आलोच तिकडे, तर मी स्वतः बघेन."

सत्यजितने हातातल्या बाटलीकडे पाहिलं. ती शेवटची होती आणि अर्धी झाली होती.

"ठेवतो," तो म्हणाला.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. कोणाच्या घरी माझ्यासारखी बादली असेल तर तिला तारेने घासू नका, मऊ फडकं पुरतं. पहिल्या खेपेकडून थोडीच अपेक्षा ठेवा आणि तिला तिचे दिवस द्या. आणि कोणी ग्लास पुढे करून कशी झाली म्हणून विचारलं, तर हेलनसारखं सांगा. दोन दिवस माणूस रुसेल, पण तिसऱ्या दिवशी पुन्हा येईल.

माझ्या पोटावरची चिकटपट्टी अजून निघालेली नाही. शाई फिकी झाली असली तरी 'दिवस २८' वाचता येतं. बर्फ पडला की सत्यजित मीठ न्यायला येतो. डबा भरून घेतो, झाकण लावतो, आणि जाण्याआधी पट्टीची बाजू भिंतीकडे फिरवून ठेवतो.